साध्या सर्दीसाठी लढाऊ वैमानिकाचे उड्डाण का थांबवतात?

धडधाकट लढाऊ वैमानिकाला निव्वळ सर्दीपायी काही दिवस जमिनीवर बसवणे हा अतिरेक नाही का, असे आपण विचारले आहे. वैमानिकांच्या तपासणीचे काम केलेला डॉक्टर म्हणून मी सांगेन की, तात्पुरत्या उड्डाणबंदीच्या कारणांत सर्दीचा क्रमांक बराच वरचा आहे आणि तो रास्तच आहे.

मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी नलिका सुजलेली असली, तरी विमान चढत असताना कानातली प्रसरण पावणारी हवा बहुधा आपली वाट काढते; खरी अडचण उतरताना येते, कारण बाहेरचा दाब वाढत जातो, मिटलेल्या नलिकेतून हवा आत शिरत नाही आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. 18,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, शिवाय लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये प्रवासी विमानाइतका दाब राखलेला नसतो. अशा वेळी कानात असह्य कळ किंवा भोवळ आली, तर ती नेमकी धावपट्टी जवळ येत असताना येते. म्हणूनच आम्ही वैमानिकाला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा कानाकडे ढकलायला सांगतो आणि त्याच वेळी ओटोस्कोपमधून, म्हणजे कानात पाहण्याच्या उपकरणातून, पडदा पाहतो. तो हलला नाही, तर ‘आता बरे वाटते’ या म्हणण्यावर आम्ही विसंबत नाही.

शिवाय सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, आणि ती जाणवेनाशी झाली तरी प्रतिसाद मंदावलेलाच राहू शकतो.

जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले किंवा नुकतेच रक्तदान झाले असेल, तर 9 जीपर्यंतच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपटीपर्यंत जोर अंगावर येणाऱ्या वळणांत मेंदूला रक्त पुरेनासे होऊन शुद्ध हरपण्याचा धोका वाढतो. स्कूबा डायव्हिंगनंतर साधारण 24 तास उड्डाण वर्ज्य असते, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. मूतखडा, अर्धशिशी आणि दातांवरील ताजे उपचार हीसुद्धा नेहमीचीच कारणे.

बंदीच्या भीतीने दुखणे लपवण्याची खोड वैमानिकांत असते, हे मात्र खरे. इजेक्शननंतर, म्हणजे संकटात आसनासकट विमानाबाहेर फेकले गेल्यानंतर, तर स्वतःच्या पायांनी चालत आलेल्यालाही मणक्याची तपासणी होईपर्यंत उडू देत नाहीत. त्या धक्क्याने मणका दबून मोडलेला असू शकतो आणि सुरुवातीला तो फारसा दुखेलच असे नाही.