मक्याचा धागा आणि पोटापाण्याचा प्रश्न

हडपसरहून एका आईंनी लिहिलंय: ‘मुलगा टी.वाय. बीएस्सीला, केमिस्ट्री घेऊन. प्रोजेक्टसाठी मक्याच्या प्रथिनाचा, झीनचा, धागा काढला. हा धागा अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून मुलाला आता ती अडचण सोडवण्यावरच काम करायचंय. घरचे म्हणतात, डेटा सायन्स कर. यात पोटापाण्याचं काय?’

ताई, मुलाने नेमकी अडचण हेरली आहे. झीन सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये विरघळतं म्हणूनच त्याचा धागा काढता येतो, आणि म्हणूनच तो टिकत नाही. त्यावरचा उपाय क्रॉसलिंकिंग. प्रथिनाच्या शेजारशेजारच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना बांधल्या, की धागा फुगतो पण विरघळत नाही, आणि ताणही जास्त सोसतो. बंध अति झाले तर मात्र ठिसूळ होतो. 1948 साली अमेरिकेत झीनचा ‘व्हिकारा’ धागा बाजारात आला होता. तो फॉर्माल्डिहाइडने पक्का करत. नायलॉन-पॉलिएस्टरपुढे 1950च्या दशकातच तो मागे पडला. फॉर्माल्डिहाइडने कॅन्सरचा धोका असतो, म्हणून संशोधक आता सायट्रिक आम्लासारखे सौम्य पर्याय तपासतात.

फक्त या धाग्याच्या भरवशावर नोकरी मिळेल, असं मी सांगणार नाही. पण क्रॉसलिंकिंग पक्कं समजलेल्या मुलाला रंग, ॲडहेसिव्ह, रबर, सुरकुत्या न पडणारं कापड, सगळीकडे काम आहे. हे ज्ञान वाया जात नाही. त्याला केमिस्ट्री सोडायला लावू नका. ऑरगॅनिक किंवा पॉलिमर घेऊन एमएस्सी करू दे, त्यासाठी जॅम या आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करू दे. पुढे नेट ही पात्रता परीक्षा दिली, तर पुण्यातच पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पीएचडीचा प्रयत्न करता येईल. कापडाकडेच ओढ असेल तर मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, तंतू आणि वस्त्रप्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. डेटाचं काम सोबत शिकता येतं, त्यासाठी वाट बदलायची गरज नाही.

आणि त्याला एक काम सांगा. क्रॉसलिंक केलेला धागा वाळवून वजन करायचं, 24 तास सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, पुन्हा वाळवून वजन करायचं. जेवढं उरलं तेवढं बांधलं गेलं. साधा धागाही शेजारीच तसाच ठेवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणखी एक, झीनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल जवळजवळ नसतं, मग मुख्यतः लायसिनलाच धरून साखळ्या बांधणारं ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन पकड घेणार कुठे? हा प्रश्न त्याने गाईडना विचारावा. आकडे वहीत नीट लिहिलेले असले, की प्रोजेक्टसाठी प्रयोगशाळेत जागा मागताना ती वहीच पुढे करता येईल.