बारावीनंतर थेट गुन्हेगारीशास्त्राची पदवी घ्यावी का?

आपण विचारले आहे की बारावीनंतर लगेच गुन्हेगारीशास्त्र घ्यावे, की आधी दुसरी पदवी करावी. प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विषाचे पृथक्करण हा न्यायसहायक विज्ञानाचा (फॉरेन्सिक सायन्सचा) प्रांत असून त्यासाठी बारावीला विज्ञान शाखा लागते. गुन्हेगारीशास्त्र हे मुख्यतः समाजशास्त्र आहे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, शिक्षेने तो बदलतो का, तुरुंगातून सुटलेल्याला समाज पुन्हा सामावून घेतो का आणि पीडिताचे पुढे काय होते, हे प्रश्न त्यात अभ्यासले जातात, आणि त्यासाठी मानसशास्त्र, कायदा व (अनेकांना नकोसे वाटणारे) संख्याशास्त्रही शिकावे लागते.

भारतात या विषयाचे शिक्षण प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावर रुजले. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तो समाजकार्याच्या एमए अभ्यासक्रमातून शिकवला जातो, तर मद्रास विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. त्यामुळे समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेऊन मग इकडे वळणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पोलीस उपनिरीक्षक व्हायचे असेल, तर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. केवळ त्यासाठी हा विषय निवडू नये. परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसर), बालन्याय (कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठीची न्यायव्यवस्था) किंवा कैद्यांचे पुनर्वसन या क्षेत्रांत मात्र त्याचा थेट उपयोग होतो.