घरच्या घरी इंजिन बांधायचं म्हणताय? जावा-येझदीवाल्यांचे प्रश्न

या वेळी पत्रं बघितली तर जवळपास सगळी जावा-येझदी या जुन्या मोटारसायकलींचीच. पावसाळ्यात गाड्या घरात उभ्या राहिल्या की लोकांचे हात शिवशिवतात बहुतेक. तीन पत्रं घेतलीत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय.

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्या काकांची मैसूरची जुनी जावा आहे, बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत उभी होती, आता मी घरी आणलीय. किक खालीच जाईना, इंजिन जाम. एक मेस्त्री म्हणतोय इंजिन अख्खंच बदला, सेकंडहँड मिळवून देतो. पण मला स्वतः बांधायचंय. शेतातल्या मोटार-पंपाचं काम मीच करतो, पाने हाताळायची सवय आहे. होईल काय घरी? आणि सुरुवात कुठनं करू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : होईल की. टू-स्ट्रोक आहे, व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, खोलायला यापेक्षा सोपं इंजिन मिळायचं नाही तुम्हाला. पण ते दुसऱ्या इंजिनाचं डोक्यातनं काढा आधी, कारण इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या डब्यावर) असतो आणि तोच आरसीवर असतो, उद्या कागद करायला गेलात की तिथंच अडकाल. आणि त्या सेकंडहँड इंजिनातला क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) तुमच्यापेक्षा बरा असेल हे कशावरनं?

किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. जावाला किक आणि गिअरचा दांडा एकच, जोर लावलात तर आतली दातेरी झिजणार नाहीतर तुटणार आणि काम वाढणार. प्लग काढा, भोकातनं डिझेल आणि पातळ ऑइल मिसळून सोडा, आठवडाभर विसरून जा, मधेमधे थोडं टाकत राहा. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवून बघा. केसभर जरी हललं तरी सुटलं म्हणायचं. नाहीच हललं तर हेड काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोकायचं, लोखंडानं नको. आणि हो, वखारीतली गाडी म्हणताय तर सिलिंडरवरच्या पात्यांत, म्हणजे फिनांत, तंबाखूची धूळ घट्ट बसलेली असणार, एकही नट सैल करायच्या आधी बाहेरनं रॉकेल-ब्रश मारून धुऊन घ्या, नाहीतर ती सगळी घाण आत पडेल.

खोलताना मोबाईलवर फोटो काढा, नट-वॉशर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको. डायनॅमोचा आर्मेचर आणि क्लचकडचं स्प्रॉकेट काढायला पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो, तो विकत घ्या नाहीतर कुणाचा तरी आणा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारायचा नाही म्हणजे नाही. क्रँक हा दाबून जोडलेला असतो, एका फटक्यात दोन बाजू एकमेकांना तिरक्या होतात आणि मग गाडी बांधल्यावर हँडल का थरथरतंय म्हणून तुम्ही चाकाला दोष देत बसाल. क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना मधे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं पण तसंच, तिथं ओरखडा पडला की हवा जाणार.

आता जिथं लोक पैसे घालवतात ते. इंजिन खोललं की लगेच पिस्टन-रिंगचा सेट ऑर्डर करून मोकळे होतात. थांबा. आधी माप. मायक्रोमीटर नसला तरी घरात माप घेता येतं. पिस्टनवरची एक रिंग काढा, सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननंच ढकलून सरळ बसवा, आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. एकदा पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) जरा वर, जिथं रिंग रोज घासते तिथं, आणि एकदा अगदी तळाशी, जिथं रिंग पोचतच नाही. या दोन मापांतला फरक बघायचा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ०.१ मिमी झिजलं की फट साधारण ०.३ मिमीनं वाढते, कारण परीघ व्यासाच्या तिपटीपेक्षा थोडा जास्तच. फरक ०.३ च्या आसपास आला तर रिबोर, म्हणजे सिलिंडर आतनं कापून मोठा करणं, आलाच समजा. रिंग जुनी असली तरी चालतं, आपण फरक बघतोय.

मूळ बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, ओव्हरसाईज पिस्टन पाव-पाव मिमीनं वाढत जातात. सिलिंडर लेथवाल्याला दाखवा, तो सांगेल कुठल्या साईजला साफ होतंय, मग पिस्टन घ्या, आणि तो पिस्टन त्याच्या हातात देऊन त्याच मापानं बोअर मारून घ्या. उलटं केलंत तर पिस्टन सैल नाहीतर घट्ट, दोन्ही वाईट. पिस्टनच्या डब्यावर क्लिअरन्स (पिस्टन-सिलिंडरमधली फट) लिहिलेला असतो तो त्याला दाखवा. रिबोर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात, बोट फिरवून बघा, लागतात. त्या बारीक फाईल आणि पॉलिश पेपरनं किंचित गोल करायच्या. हे बरेच जण सोडून देतात आणि मग नव्या रिंगचं टोक पोर्टात अडकून तुटतं.

क्रँक मात्र घरी नको. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून बघा, सरळ वर-खाली अजिबात खेळ नको, बाजूला थोडा हलला तर चालतो. खेळ असला तर रॉड, पिन, बेअरिंग बदलून प्रेसवर बसवून डायल गेजवर सेंटर करायचं, दोन-तीन शतांश मिलिमीटरचं काम आहे ते. निपाणीहून तुम्हाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ, नाहीतर बेळगावचं उद्यमबाग. जाताना दोन्ही बेअरिंग आणि सील घेऊनच जा. आणि वाटेत कुणी सांगेल की नवीन जावाचे पार्ट आता शोरूममध्ये मिळतात म्हणून, २०१८ ला आलेली ती गाडी फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी, तिचं आपल्या गाडीला नावापुरतंच नातं.

जोडताना क्रँककेस गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला पाहिजे, आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, हातानंच आत जाऊन बसतं, ठोकावं लागत नाही. (फ्रीजमध्ये ठेवताना घरात सांगून ठेवा.) गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप नवेच घाला, आणि घालताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. ती क्लिप टिचकन उडते आणि उडाली की ती हमखास त्याच भोकात जाते, मग सगळं परत खोला. रिंगच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगची दोन टोकं त्या पिनवर आली पाहिजेत, सिलिंडर खाली घालताना दिवा लावून बघा, जोर लागला तर थांबा.

चालू झाली की पहिले काही दिवस पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्त, लिटरला ५० मिली, नंतर ४०. एकाच स्पीडला लांब जाऊ नका, चिकोडी रोडला हळूहळू चक्कर मारा, तवंदी घाट एवढ्यात नको. नंतरही घाट उतरताना लक्षात ठेवा, टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर येतं, थ्रॉटल बंद करून गिअरवर लांब उतरत राहिलात तर इंजिन फिरतंय पण ऑइल जवळजवळ नाहीच. मधेमधे क्लच दाबा, थोडा थ्रॉटल द्या.

प्रश्न : माझी येझदी मेस्त्रीकडनं पूर्ण बांधून घेतली, रिबोर, नवा पिस्टन, सगळं. तरी पिस्टन पकडला, सिलिंडरमध्ये जाम झाला. परत केलं, परत पकडला. मेस्त्री म्हणतो पिस्टन डुप्लिकेट लागतायत. खरं असेल काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : असेलही, पण दोनदा झालंय म्हणजे मी पिस्टनला शेवटी धरीन. आधी हवा बघा. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथनं वर जातं. त्या केसमध्ये कुठनंही जास्तीची हवा शिरली की मिश्रण हलकं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापलं, पिस्टन फुगला आणि पकडला. नवा पिस्टन घातलात तरी भोक तिथंच. सगळ्यात संशयित क्रँकच्या दोन टोकांचे ऑइल सील. क्लचकडचा गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो, ऑइल कमी होतं, म्हणजे निदान कळतं तरी. डायनॅमोकडचा गेला तर नुसती हवा जाते, काही दिसत नाही, आणि गाडी जरा जास्तच चपळ पळाल्यासारखी वाटते, लोक खूश होतात.

घरी तपासता येतं. बीपी बघायचं जुनं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि काटा काढून घ्या. जुन्या प्लगचं आतलं चिनी मातीचं फोडून पोकळ करा, त्याला नळी जोडून प्लगच्या जागी बसवा. पिस्टन अगदी खाली आणा. कार्बोरेटर काढून तिथं रबर आणि पत्रा आवळा, दोन्ही सायलेन्सरच्या जागाही तशाच बंद करा. आता काटा २५० पर्यंत चढेल इतका फुगा दाबा, ते साधारण ५ पीएसआय होतं. काटा काही मिनिटं जवळजवळ तिथंच राहिला पाहिजे. सरकन पडला तर साबणाचं पाणी लावत फिरा, डायनॅमोचं झाकण काढून सीलवर, केसच्या जोडावर, सिलिंडरच्या पॅकिंगवर, बुडबुडा कुठं येतो बघा. क्लचकडचा सील दिसत नाही, त्यासाठी गिअर ऑइल घालायच्या तोंडाशी कान लावा. रबर-पत्रा नीट बसला नाही तर तिथनंच गळतं, ते आधी बघून घ्या, नाहीतर उगाच इंजिन खोलाल.

हे सगळं ठीक निघालं तर मग कार्बोरेटर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यानं मिश्रण आणखी थोडं हलकं होतं आणि जुनं रबर फुगतं. प्लग काढून बघा, तपकिरी पाहिजे, पांढरट असला तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पिन) एक नंबर मोठा घाला. आणि खानापूरच्या पावसात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, ते पेट्रोल पाणी ओढतं.

प्रश्न : माझी जावा ५० वर्षांच्या वरची आहे. विंटेज नंबर घ्यावा काय? इंजिन बांधल्यावर अडचण येईल काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज धरतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढं नूतनीकरण ५,००० रुपये. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती इतकंच. तुम्हाला रविवारी टिळकवाडीला भाजी आणायला जायचं असेल तर साधी आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू करत राहिलेलं बरं. गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. त्याच मापाचा पिस्टन, रिंग, सील घालून इंजिन बांधणं वेगळं आणि दुसरंच इंजिन आणून बसवणं वेगळं. क्रँककेस पॉलिशला (बफला) देणार असाल तर इंजिन नंबरवर आधी टेप लावा आणि पॉलिशवाल्याला तोंडानं पण सांगा, त्याच्या चाकाखाली ते आकडे कधी पुसट होतात कळत नाही आणि आरटीओत इन्स्पेक्टर पहिला तेच बघतो.