घरी कॉम्प्युटरवर बनवलेली (बर्न केलेली) डीव्हीडी प्लेअरवर चालत नसेल तर

कॉम्प्युटरवर चालली म्हणजे डिस्क ठीक आहे, असं धरून चालू नका. टीव्हीखालचा जुना प्लेअर फार काटेकोर असतो. आधी कॉम्प्युटरवर डिस्क उघडून आत कुठल्या फाइली आहेत ते बघा. नुसती एमपी४ फाइल दिसली तर ती डेटा डिस्क झाली, म्हणजे नुसत्या फाइली साठवलेली डिस्क. जुन्या प्लेअरला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइली लागतात. त्यासाठी व्हिडिओ एमपीईजी-२ या प्रकारात, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीने ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये बदलून ऑथरिंग करावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरने हा फोल्डर आणि फाइली तयार कराव्या लागतात. फाइलचं नुसतं नाव बदलून काहीच होत नाही.

हे सगळं बरोबर असेल, तर डिस्क फायनलाइझ करायची, म्हणजे बर्न करून झाल्यावर बंद करायची राहिली असेल. अनेकदा ते नंतरही करता येतं, म्हणून डिस्क लगेच फेकू नका.

चित्र अडखळतंय? १६ एक्स वेगाची डिस्क ८ किंवा ४ एक्स अशा कमी वेगाला बर्न करून बघा. वर कागदी लेबल तर अजिबात चिकटवू नका, फिरताना तोल जातो. कोऱ्या डिस्क डीव्हीडी+आर (प्लस आर) आणि डीव्हीडी-आर अशा दोन प्रकारच्या मिळतात; जुन्या प्लेअरसाठी मी प्लस आरपेक्षा डीव्हीडी-आरच घ्या म्हणेन. आणि लग्नाबारशाचं शूटिंग असेल तर मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवाच. बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर उन्हाने खराब होतो.