हळदीचे फोटो: कार्डातून बाहेर आल्यावर

आधी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करायची घाई नको. फोटो लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, अशा दोन जागी उतरवा, दोन्हीकडची संख्या जुळवा, मगच कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करा. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: २०२५-०२-१४_हळद. वर्ष आधी लिहिलं की क्रम आपोआप लागतो. एकदा लाइटरूममध्ये (फोटो लावायच्या-सुधारायच्या प्रोग्राममध्ये) घेतल्यावर फोल्डर बाहेरून हलवू नका. प्रोग्रामला फोटो सापडत नाहीत. हलवायचाच तर लाइटरूममधूनच.

दोन कॅमेरे असतील तर घड्याळं जुळतायत का बघा. चार मिनिटांचा फरक असला तरी उष्टी हळद आधी आणि हळदीचा मुहूर्त नंतर, असा उलटा क्रम दिसतो. एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून वेळ एकदम दुरुस्त करता येते.

निवड करताना पहिल्या फेरीत फक्त नापास ठरवा: मिटलेले डोळे, हललेला फोकस. रंगाला तेव्हा हात लावू नका, वेळ वाया जातो.

खरी गंमत रंगात. चौकट पिवळ्याने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपणहून साधलेला रंगांचा समतोल) निळ्याकडे झुकतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंत त्वचा वेगळी दिसते. त्याच उजेडातला, डाग न पडलेला पांढरा सदरा शोधा (हळदीत सापडला तर नशीब!), त्यावर लाइटरूममधला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवा, तेच मूल्य बाकीच्या फोटोंना सिंक करा, म्हणजे एकदम लावा. सदरा फोटोत जास्त उजेडाने पार पांढराफटक झालेला नको, त्यातून रंगाची माहिती मिळत नाही. हनुवटीखाली पिवळी झाक उरलीच तर तेवढ्याच भागावर मास्क आखून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, १५-२० ने उतरवा. सगळ्या फोटोचा पिवळा कमी केलात तर हळदच फिकी पडेल.