डेस्कटॉपचं कॅबिनेट घरात थेट जमिनीवर ठेवलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की टेबल लहान आहे, पणजीत तळमजल्यावर फ्लॅट घेतलाय आणि कॅबिनेट लादीवरच ठेवायचा विचार आहे. ठेवू नका. चार-सहा इंच तरी वर घ्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, चिऱ्यांचं म्हणजे जांभ्या दगडाचं, जमीन तांबड्या सिमेंटची. दादाने मला कॉलेजसाठी डेस्कटॉप घेऊन दिला आणि कॅबिनेट स्वतःच्या हाताने कोपऱ्यात, भिंतीला टेकवून खाली ठेवलं. मी म्हटलं, खाली काहीतरी घालूया. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात सगळे खालीच ठेवतात. त्याच्या ऑफिसात बारा महिने एसी चालतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात दमट हवा थंड जमिनीला लागते आणि जमिनीवर पाणी सुटतं, चिरे खालची ओल वर ओढतात ते वेगळंच. अनवाणी चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

२०१७ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २५ ऑगस्टला होती. आठवडाभर आधी, घराची साफसफाई चालू असताना, कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की पंखा जरा हलायचा आणि थांबायचा. दादा सगळ्यांसमोर आईला म्हणाला, फडका मारताना तूच पाणी उडवलंस. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने त्या कोपऱ्यात फडका मारणं सोडलं. तो कोपरा मी पुसायला लागलो.

चवथ झाल्यावर म्हापशाला दुरुस्तीला नेला. कारागिराने माझ्यासमोर उघडला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तळाला होता, त्याचा पंखा खालून हवा खेचतो. त्या जाळीवर धूळ आणि ओल मिळून लगदा बसला होता. मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, खालच्या कडेला हिरवट गंज, वरचा भाग कोरडा आणि स्वच्छ. तो म्हणाला, वरून पाणी पडलं असतं तर डाग ओघळलेले दिसले असते, हे जमिनीचंच काम. एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही बदलावे लागले, हार्ड डिस्क वाचली.

घरी आणल्यावर आईनेच फणसाचे दोन जुने पाट काढून दिले. दादाची त्यालाही हरकत, म्हणे पाटावर माणसं जेवतात, मशीन कसलं ठेवता! आई म्हणाली, दसऱ्याला त्याची पूजा करतोच ना. मी दोन्ही पाटांखाली एकेक चिरा घातला, पाटांमध्ये चार बोटांची फट ठेवली आणि एसएमपीएसची जाळी बरोबर त्या फटीवर आणली. बाजारात चाकांचे स्टँडही मिळतात, पण बहुतेक इतके बुटके असतात की फडक्याचं पाणी आरामात पोहोचतं. मला पाटच पटतो.

पावसात कॉम्प्युटर वापरायचा नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावून घ्या, नाहीतर पाल आत शिरते आणि तिच्यामुळे शॉर्ट होऊन बोर्ड जाऊ शकतो. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कधीच जमिनीवर नको, भिंतीला खिळ्यावर टांगा. घरात अर्थिंग नीट आहे ना आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलाय ना, हे वायरमनकडून बघून घ्या. ओल्या जमिनीवर २३० व्होल्टशी खेळू नये.

हे सगळं तळमजल्याला आणि जुन्या घराला लागू. वरच्या मजल्यावर कोरडी टाइल्सची खोली असेल, घरात रांगतं पोर किंवा कुत्रं नसेल, तर खाली ठेवूनही वर्षानुवर्षं चालतं, फक्त गालिच्यावर नको. काही जुन्या कॅबिनेटांत एसएमपीएस वर असतो, त्यांना तळाच्या जाळीची चिंता नाही. आणि बाजूला काचेचं पॅनेल असेल तर ते उघडल्यावर लादीवर टेकवून ठेवू नका, कोपरा आपटला की सगळी काच फुटते.

दादा अजूनही दर चवथीला पाण्याचा विषय काढतो. दुकानात मी मोबाइलवर बोर्डाचे फोटो काढले होते, ते जपून ठेवलेत. गंज खालून वर चढलाय, आणि आईच्या फडक्याचा एक शिंतोडा त्यात नाही.