आयथ्रीलॉक (लिनक्सवर स्क्रीन लॉक करणारा प्रोग्राम, म्हणजे लॉकर) लावलेला असूनही कंट्रोल+ऑल्ट+एफ२ दाबून कुणी आत कसं शिरतं?

प्रश्नावरून तुमची मांडणी अशी दिसते: डेबियन लिनक्स, टीटीवाय१ (कंट्रोल+ऑल्ट+एफ१ ने समोर येणारा कन्सोल) वर लॉगिन करून ‘स्टार्टएक्स’ या कमांडने आयथ्री हा विंडो मॅनेजर, आणि बॅकअपचं काम चालवण्यासाठी टीटीवाय२ (एफ२ चा कन्सोल) वर आणखी एक लॉगिन. जागेवरून उठताना आयथ्रीलॉक लावला, तरी शेजारच्याने स्क्रीन उघडून दाखवली.

यात लॉकर बिघडलेला नाही. आयथ्रीलॉक फक्त एक्स सर्व्हरचा (ग्राफिकल स्क्रीन चालवणारा प्रोग्राम; एक्स११ ही त्याची प्रणाली, एक्स.ऑर्ग हा तिचा प्रचलित सर्व्हर) कीबोर्ड आणि माउस धरून ठेवतो, कन्सोल बदलणं तो अडवत नाही. एफ२ वर तुमचाच शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडा होता. तिथे ‘पीकिल आयथ्रीलॉक’ (लॉकर बंद पाडणारी कमांड) टाइप करून एफ१ वर परतलं, की काम झालं. एक्स११ मध्ये लॉकर मेला की स्क्रीन उघडी, मग तो कुणी मारो नाहीतर आपोआप क्रॅश होवो. २०१२ च्या जानेवारीत उघड झालेला एक्स.ऑर्ग १.११ मधला दोष याच जातीचा: कंट्रोल+ऑल्ट आणि कीपॅडवरचं गुणाकाराचं बटण एकत्र दाबलं की लॉकर बंद पडायचा.

आधी टीटीवाय२ चा बंदोबस्त करा. बॅकअप टीमक्समध्ये (लॉगिनपासून वेगळं चालू राहणारं टर्मिनल) सुरू करा, कंट्रोल+बी आणि मग डी दाबून डिटॅच व्हा, म्हणजे त्यातून बाहेर पडा, आणि सरळ लॉगआउट करा. डेबियनमध्ये लॉगइनडी या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचं ‘किलयूजरप्रोसेसेस’ (लॉगआउटवर वापरकर्त्याची कामं बंद करणं) मुळात ‘नो’ असतं, त्यामुळे काम मागे चालू राहतं. ‘टीएमआउट=३००’ (३०० सेकंद रिकामा राहिलेला शेल आपोआप बंद करणारी सेटिंग) वर मात्र विसंबू नका. बॅश हा शेल प्रॉम्प्टवर रिकामा बसला असेल तरच ते लागू होतं. व्हिम हा एडिटर उघडा राहिला असेल तर रात्रभर काहीही होणार नाही.

मग नुसत्या ‘स्टार्टएक्स’ऐवजी ‘एक्झेक स्टार्टएक्स’ लिहा. एरवी एक्स कोसळला की त्याच्यामागचा लॉगिन शेल आयता हाती येतो. एक्झेकमुळे शेलची जागा स्टार्टएक्स घेतो आणि एक्स गेला की लॉगिन प्रॉम्प्टच समोर येतो.

कन्सोल बदलणंच नको असेल तर एक्स.ऑर्गच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरफ्लॅग्ज’ सेक्शनखाली ‘डोन्टव्हीटीस्विच’ला ‘ट्रू’ करा. पण एक्स गोठला तर तुम्हालाही कन्सोल मिळणार नाही, तेव्हा एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) चालू असू द्या. मला त्यापेक्षा फिजलॉक हा लॉकर बरा वाटतो: तो नव्या कन्सोलवर पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत स्विचिंग बंद ठेवतो. निव्वळ टेक्स्ट कन्सोलवर सगळे कन्सोल लॉक करणारा ‘व्हीलॉक -ए’ पुरतो. नुसता ‘व्हीलॉक’ फक्त समोरचा कन्सोल अडवतो.

सिसआरक्यूची (ऑल्टसोबत दाबून कर्नलला थेट आदेश देणारं बटण) भीती बरीच फुगवलेली आहे. कोणते आदेश चालतील ते ठरवणाऱ्या ‘कर्नल.सिसआरक्यू’ सेटिंगचं डेबियनमधलं मूळ मूल्य ४३८, उबुंटूचं १७६. दोन्हींत ६४ चा बिट नाही, म्हणजे ऑल्ट+सिसआरक्यू+एफ दाबून ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) जागा करता येत नाही. कुणी ‘कर्नल.सिसआरक्यू’ १, म्हणजे सगळे आदेश चालू, करून ठेवलं असेल तर तेवढं बदला, कारण ओओएम किलरने लॉकर उचलला तर एक्स११ वर पुन्हा तेच.

एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडवर सेशन-लॉक प्रोटोकॉल असलेला कंपोझिटर (स्क्रीन रेखाटणारा प्रोग्राम) आणि स्वेलॉक हा लॉकर असेल तर लॉकर मेला तरी स्क्रीन झाकलेलीच राहते. पण टीटीवाय२ उघडं ठेवलंत तर वेलँडचा काही उपयोग नाही.

शेवटी तपासा: ‘हू’ चालवून कुठल्या टीटीवायवर कोण आहे ते बघा, ‘सुडो -आय’ करून सोडलेला रूट (सर्वाधिकारी) शेल सापडला तर बंद करा, मग लॉक लावून एफ१ ते एफ६ एकेक दाबा. लॉकर किंवा लॉगिन प्रॉम्प्ट यांखेरीज काही दिसलं, तर तो कन्सोल अजून उघडा आहे.